सुलभा माझी कोण लागते

हे मी कुणापाशीच बोललेले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुला सांगते आहे, पण मध्येच 'जाऊ दे गं' म्हणू नकोस.

वडील गेल्यावर मी चिपळूणला मावशीकडे वाढले. मावशी मायाळू होती. तिची सुलभा माझ्याच वयाची, आम्ही एका ताटात जेवायचो. पण तिची कुणी मैत्रीण घरी आली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "ही आमच्याकडे असते." बहीण म्हणायला काय जीभ झडत होती तिची? मी हसायचे — आणि मनात डूख धरायचे.

पुढे मी सिल्वासाला इंग्रजीची शिक्षिका झाले. नव्वदच्या दशकात सुलभाच्या नयनाला इथलंच स्थळ आलं. मुलगा मसाटच्या कारखान्यात इंजिनीयर. त्याचा होकार होता, नयना तर हरखूनच गेली होती. चौकशी तेवढी उरली होती, आणि सिल्वासात सुलभाचं माझ्याशिवाय होतं कोण? मुलाची आई माझ्याकडे चहाला आली. "सुलभाताई तुमच्या बहीण ना?"

मी म्हटलं, "कझिन आहे. आमचं फारसं जाणं-येणं नाही."

एवढंच. खोटं काय होतं त्यात? — असं स्वतःला किती वेळा विचारलंय! पण आपल्यात मावसबहिणीला बहीणच म्हणतात. स्थळाच्या चौकशीत कुणी 'कझिन' म्हणून हात झटकले, की समोरचा समजतो, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. त्या बाईंनी चहा अर्धा तसाच ठेवला.

आणि शब्द तोंडातून निसटला, असंही नाही. मूळ लॅटिनमध्ये तो मावशीच्या मुलांसाठीच होता. चुलत, आते, मामे त्यात मागाहून कोंबले गेले. वर्गात हे मीच शिकवत होते. नेमका आम्हा दोघींच्या नात्याचा शब्द — आणि त्यानेच मी ते नातं तोडलं. तोडताना गोड वाटलं. हो, खूप गोड वाटलं.

नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही. सुलभाचा फोन आला, रडत होती. "नयना जेवत नाही गं. तुझ्या कानावर काही आलं का?"

"नाही," मी म्हटलं.

नयनाने माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. ते मला चहा ओततानाही माहीत होतं.