नळीतली जांभळी पूड

अशोकभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाहपूरच्या शाळेत उन्हाळी वर्गाचे पेपर तपासत होते. "वंदना, ताई गेली ना… सकाळीच. डॉक्टर म्हणे आठच्या सुमाराला. मला काही समजून नाही राहिलं, तू फौरन ये." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, आमच्या बोरोले मॅडम. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात त्यांनी मला रसायनशास्त्र शिकवलं. मे महिन्यातली दुपार होती, बसच्या खिडकीची दांडी हाताला चटका देत होती, आणि वाटेतल्या केळीच्या बागांची पानं कडेनं करपली होती.

मॅडमचे वडील कागद कारखान्यात नोकरीला म्हणून जळगावकडून इकडे बुऱ्हाणपूरकडे आले. मॅडमनी लग्न केलं नाही. भावाची बायको लवकर गेली, तेव्हापासून बहीणभाऊ दोघंच त्या घरात. शिकवताना त्या आवाज चढवत नसत, पण एकदा प्रयोगाचं निरीक्षण मी शेजारणीच्या वहीतून उतरवलं, तर वही परत देत एवढंच म्हणाल्या, "दिसलं नाही, तर दिसलं नाही असं लिही. मला तेही चालतं." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते…

निवृत्तीनंतर मागच्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी आपला संसार मांडला. कोबाल्ट, निकेल, तांबं, लोखंड यांचे क्षार, निळे-हिरवे-गुलाबी, बाटल्यांतून ओळीनं ठेवलेले. पण जीव होता तो एका बारीक काचनळीवर. तिच्यात त्यांनी स्वतः बनवलेलं लोखंडाचं एक संयुग होतं. सात-आठ वेळा फसल्यावर जमलेलं. नळी रेशमी दोऱ्यानं टांगलेली, शेजारी मोठं चुंबक. एरवी पूड जांभळी, आणि नळी सरळ लटकलेली. गरम पाण्यात बुडवून काढली की पूड पांढरीशुभ्र होई आणि नळी आपोआप चुंबकाकडे कलू लागे.

"गारव्यात आतले इलेक्ट्रॉन जोडीनं राहतात," त्या सांगत. "तापले की एकेकटे होतात. चुंबकाला ओळख असते ती एकट्यांचीच." मग हसून, "आणि मजा बघ, एकदा पांढरी झाली की लगेच परत फिरत नाही. चांगली गार व्हावी लागते. आपल्या उन्हाळ्यात या खोलीत दिवसभर पांढरीच राहते. आपण तापलो होतो, हे विसरत नाही ती."

मी पोचले तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती. मॅडमना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. मी पायाशी बसले, तेवढ्यात अशोकभाऊंनी मला खुणेनं मागे नेलं. "आत बघ जरा. मला भ्या वाटतंय."

नळी चुंबकाकडे कललेली होती. पूड पांढरी.

मी कितीतरी वेळ नुसती बघत राहिले. मॅडम गेल्या सकाळी आठला. रात्रभराच्या गारव्यानं तेव्हा खोली गार असणार, म्हणजे कालची पांढरी पूडही परत जांभळी झालेली असायला हवी. पत्रा कितीही तापला, तरी आपण होऊन पांढरी होण्याइतकी ती खोली कधीच तापत नसे. म्हणजे दुपारी कुणीतरी नळी गरम पाण्यात बुडवली होती. टेबलावरच्या पातेल्याला मी हात लावला. पाणी अजून कोमट होतं.

"भाऊ, तुम्ही पाणी तापवलं होतं?"

"रोज बाराला मीच देत होतो तिला…" ते थांबले. "आज दिलं का? मला याद नाही वंदना. खरंच याद नाही."

तेवढ्यात बाहेर मॅडमना उचलायची गडबड झाली. कुणीतरी मागचं दार उघडलं, घरातल्या कूलरची गार झुळूक आत आली. पुडीत एक जांभळा ठिपका उमटला, पसरला, आणि नळी हळूच चुंबकापासून सुटून सरळ झाली. अशोकभाऊंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

त्यांनीच पाणी तापवलं असणार. रोजची सवय, हात आपोआप चालले असतील. मी स्वतःला हेच सांगत आले.

आता हवा पावसाळी आहे. गरम करून बाहेर काढलेली पूड दोन-चार मिनिटांतच जांभळी होते. बहिणीच्या हयातीत त्या खोलीत कधी न बसणारे अशोकभाऊ आता दुपारी तिथेच असतात. गेल्या रविवारी मी गेले, तर ते मॅडमच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. नळी कललेली, पूड पांढरीशुभ्र.

"आत्ताच तापवली वाटतं?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "आज सिलिंडर संपला आहे. सकाळपासून घरात चहासुद्धा नाही."

मी काचेला बोट लावलं. काच गार होती.

मग मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. संध्याकाळची शेवटची बस निघायची वेळ झाली, तरी पूड पांढरीच होती.