साडूंचा मोकळा सायलेन्सर

कंपनीनं बनवलेली वस्तू आहे तशी वापरणं म्हणजे शरणागती, असं मानणारा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघाला. परतूरच्या मोंढ्यात त्यांची अडत आहे, पण जीव सगळा पान्या-पकडीत. त्यांच्या कूलरला मिक्सरचं बटण आहे. मिक्सर कशावर चालतो हे विचारायची माझी हिंमत होत नाही. मी स्वभावानं भित्रा. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येणारा. आणि त्यांच्या शेजारची सीट कायम माझ्याच नशिबी.

त्यांचा खरा राग सायलेन्सरवर. “साडूभाऊ, कंपनीनं इंजिनाच्या तोंडात बोळा कोंबलाय बघा,” असं म्हणून त्यांनी मोटारसायकलचा सायलेन्सर आतून साफ मोकळा केला. एकदा आम्ही दोघं एका घरी दुःखाच्या भेटीला गेलो. दारापुढे साडूंनी इंजिन बंद केलं, आणि बंद होता होता गाडीनं असा बार काढला की आतल्या बायकांचं रडणंच थांबलं. साडू चपला काढत हळूच म्हणाले, “पेट्रोल जरा जास्त जाऊन राह्यलंय.” मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

पुढे त्यांनी जुनी पेट्रोल कार घेतली आणि माझी उरलीसुरली झोप गेली. धुराच्या पाइपात मध्ये एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. साडूंनी तो काढून गोणपाटात गुंडाळला, माळ्यावर टाकला आणि त्याच्या जागी स्वतः वेल्डिंग करून सरळ नळी बसवली. अहो, त्या डब्यानं धुरातलं विष कमी होतं, कायद्यानं तो लागतो, असं मी परोपरीनं सांगितलं. “असू द्या की! धूर मागं जाऊन राह्यला, आपण तर पुढं बसलेलो,” ते म्हणाले. “पिकअप बघा फक्त.” पिकअपचं मला कळत नाही. माझ्या बरगड्या थरथरत होत्या एवढं खरं. चौकात पोलीस दिसला की मी रस्त्यात लिफ्ट मागून बसलेल्या परक्या माणसासारखा चेहरा करी.

त्या वर्षी अधिक महिना ऐन उन्हाळ्यात आला. जावयांना धोंड्याचं जेवण, म्हणून आम्ही सासरी पिंपळगाव रेणुकाईला गेलो. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि “जावईबापू, एवढा एकच” म्हणत पानाशी उभ्या असलेल्या सासूबाई. बायका माहेरी राहिल्या. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, जालन्यात डोळे दाखवायचे होते, म्हणून ते आमच्यासोबत निघाले. ऊन रणरणत होतं. काचा बंद, एसी सुरू. भोकरदन मागे पडलं आणि मामा मागच्या सीटवर डुलू लागले.

“धोंडे अंगावर आले म्हाताऱ्याच्या,” साडू हसले. माझंही डोकं जड झालं होतं, मळमळत होतं. “तूप हाय ते, पचायला टाइम लागतो,” त्यांनी मलाही निकालात काढलं. मलाही पटलं, कारण धोंडे खाऊन ताठ बसलेला जावई मी अजून पाहिलेला नाही. वास येत होता, पण साडूंच्या गाडीत वास नसता तरच मी चौकशी केली असती.

मी सहज मागे वळून पाहिलं. मामांची मान लुळी पडली होती, तोंड उघडं होतं आणि टोपी पायाशी पडली होती. आमचे सासरे झोपेतही एक हात टोपीवर ठेवणारे.

“मामा!” मी हाक मारली. पुन्हा मारली. ओ नाही.

“साडू, गाडी थांबवा.”

“झोपू द्या की त्यास्नी.”

“थांबवा म्हणतो ना!” त्यांच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडलो.

गाडी एका लिंबाखाली थांबली. उतरलो तर माझेच पाय जागेवर नव्हते. दोघांनी मामांना ओढून सावलीत आडवं केलं. साडू त्यांच्या तोंडावर पाणी मारत होते, गालावर चापट्या देत होते. “मामा, ओ मामा! शिव्या द्या मला, पर बोला कायतरी!” रस्त्यानं गाड्या जात होत्या आणि मामा बोलत नव्हते. मनातल्या मनात मी सासूबाईंना काय सांगायचं ते जुळवायला लागलो होतो. तेवढ्यात मामांनी डोळे उघडले, भडाभडा ओकले आणि हातानं टोपी चाचपू लागले.

वारा लागावा म्हणून चारी काचा उघडून आम्ही जालना गाठलं. दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. साडूंनी केलेलं वेल्डिंग उकललं होतं आणि धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत येत होता. अजून थोडा वेळ काचा बंद असत्या तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. साडू बाकावर गुडघ्यांत मान घालून बसले होते. “मारलं असतं म्या मामाला,” एवढंच ते म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचा तो डबा मिस्त्रीकडून परत गाडीत बसला.

मामा आज ठणठणीत आहेत. साडूंनी कूलर-मिक्सरचे उद्योग सोडलेले नाहीत, आणि त्यांनी सोडावेत असं मलाही मनापासून वाटत नाही. मात्र गाडीत ते कुणाला डोळा लागू देत नाहीत. कापसाचा भाव, पावसाचा अंदाज, काहीही काढून बोलत राहतात. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघंच परतूरहून येत होतो. रेल्वेचं फाटक लागलं. कडाक्याची थंडी, तरी चारी काचा उघड्या. मी मफलर गुंडाळून डोळे मिटले. साडूंचं बोलणं हळूहळू थांबलं. थोड्या वेळानं नाकाजवळ काहीतरी जाणवलं, म्हणून मी एक डोळा किलकिला केला. ग्रीसनं काळी पडलेली त्यांची बोटं माझ्या नाकापाशी होती. बघत मात्र ते समोरच्या फाटकाकडे होते. मी डोळा मिटून घेतला आणि त्यांच्या बोटांना लागेल असा जरा मोठ्यानं श्वास सोडला. फाटक उघडेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.