मातीत उघडणारी खिडकी

प्रागला पोचलो त्या दिवशी टूरवाल्यानं आम्हा सगळ्यांना हॉटेलच्या दारातच थांबवून दम दिला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्याचं ऑफिस, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "मॅडम, जुन्या शहरात कोणी प्यार से बुलाया ना, तर समझ जायचं, पर्स गया." ह्यांनी तिथल्या तिथे पासपोर्टची पिशवी बनियनच्या आत सरकवली. मी पर्स पोटाशी धरली.

तसा मला संशय लवकर येतोच. तीस वर्षं बदलापुरात एका आर्किटेक्टकडे ड्रॉइंग काढण्यात गेली. कागदावर एक आणि जागेवर भलतंच, हे रोजचं. त्यामुळे मुख्य चौकातली ती रंगीत, नक्षीदार घरं बघून बाकीचे फोटो काढत सुटले, तेव्हा माझ्या मनात एकच होतं, की बाबांनो, मागची बाजू दाखवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन तास मोकळे मिळाले. चौकामागच्या बोळात शिरलो. तिथे एका घराच्या जोत्याला, अगदी फरसबंदीला टेकून, लोखंडी गज लावलेला एक बुटका झरोका होता. मी वाकून डोकावले. खाली बराच खोल काळोख आणि त्यात घडीव दगडांची कमान. तळघरासाठी एवढी मेहनत कोण घेतं?

"अगं, ऊठ," हे म्हणाले. "वरून कोणीतरी बघतंय."

उठेपर्यंत दार उघडलंच. पंचाहत्तरीची एक बाई, पायात घरातल्या सपाता, हातात किल्ल्यांचा जुडगा. तिनं तिच्या भाषेत काहीतरी खडसावून विचारलं. मी झरोक्याकडे बोट केलं आणि हवेत कमान काढून दाखवली. तिनं मला पंजाबी ड्रेसपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"इंडिया?"

"येस."

"आर्किटेक्ट?"

मी धडधडीत खोटं बोलले, "येस."

तिनं आत येण्याची खूण केली.

"मुळीच जायचं नाही," हे म्हणाले. पण कमान मला सोडेना. शेवटी हेच म्हणाले, "मी दारातच उभा आहे. पाच मिनिटांत आली नाहीस तर बोंब ठोकीन."

जिन्यावर तिनं मला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिली. ते मला अजिबात आवडलं नाही. दगडी पायऱ्या, भिंतीचा गारवा. माझं माहेर अंबरनाथचं. शिवमंदिरात गाभाऱ्यात उतरताना अंगाला जो ओलसर गारवा लागतो, तो तिथे लागला आणि क्षणभर भीती विसरले.

खाली तिनं दिवा लावला. चौकोनी दगडांच्या सुरेख भिंती, वर अर्धगोल छत. समोर दाराची चौकट, शेजारी खिडकी. पण खिडकीपलीकडे नुसती माती! जमिनीखाली खिडकी? मी वळून हातानंच विचारलं, हे काय?

"रिव्हर," ती म्हणाली. "वॉटर, वॉटर." मग एका तळव्यावर दुसरा, त्यावर पुन्हा पहिला, असे रचत नेले. "स्ट्रीट... अप."

मला लख्ख कळलं. बदलापुरात उल्हास नदीचं पाणी घरात शिरलं, की पुढच्या साली भराव पडतो. रस्ता चढतो आणि तळमजला आपोआप खड्ड्यात जातो. आमच्याच इमारतीत आता दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं. इथे सबंध रस्ताच घराच्या डोक्यावर गेला होता. कधीकाळी या खिडकीत उभं राहून कोणी येणारी-जाणारी माणसं बघत असेल.

मी भिंतीला हात लावला आणि वर धाडकन दार आपटलं.

"अगं ए! दार लागलं!" ह्यांचा आवाज बाहेरून आला, दबलेला.

त्या बाईला चक्क बाजूला ढकलून मी जिना चढले. दाराला कडी नाही, मूठ फिरेना. मी दोन्ही हातांनी दार बडवू लागले. ती सावकाश, कठड्याला धरत वर आली, भिंतीवरचं एक बटण दाबलं आणि दार उघडलं. बाहेर हे घामाघूम.

आणि तिच्यादेखत मी आधी पर्स उघडली. फोन, कार्ड, चष्मा, सगळं जागच्या जागी. तिनं ते पाहिलं. मी ओशाळून एक नोट पुढे केली, तर ती नोटेकडे न बघता आत गेली.

रात्रभर मला चैन पडलं नाही. ज्या बाईला मी ढकललं, तिनं एका परक्या बाईला घरात घेतलं होतं, तेही एका थापेवर.

सकाळी बस निघायच्या आधी भाजणीच्या चकल्यांचा डबा घेऊन मी पुन्हा त्या दाराशी गेले. हे म्हणाले, "आता काय पोलीस बोलावणार ती." बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं, साखळी तशीच. मी हात जोडले, "सॉरी" म्हटलं आणि डबा उघडून फटीपुढे धरला. तिनं एक चकली उचलली, हुंगली, उजेडात फिरवली. मग तीच माझ्या तोंडापुढे धरली. आधी तू खा.

मी खाल्ली, कुरुमकुरुम आवाज करत, तिच्याकडे बघत. मी गिळेपर्यंत ती थांबली, आणि मग साखळी काढली.