एकीच्या बदल्यात दोन

शिरूरच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना मी दरवर्षी रक्त पिणाऱ्या वटवाघळांची गोष्ट सांगते. ती दक्षिण अमेरिकेत राहतात. दोन-तीन रात्री उपाशी राहिली की मरतात, म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी शेजाऱ्याला आपल्या पोटातलं रक्त बाहेर काढून भरवतं. शेजारी नात्यातलाच असतो असं नाही. दरवर्षी वर्गात कोणीतरी विचारतं, नात्यातला नाही तर भरवायचं कशाला? मग मी खडू खाली ठेवते. आज मी देतो, उद्या तू देशील, नाही दिलंस तर परवा मीही देणार नाही, असं सांगते आणि हात झटकते. अठरा वर्षं हे उत्तर मला पुरलं. मग आम्ही कांदा लावला.

केंदूरच्या शिवारात आमची वीस गुंठे जमीन आहे. सासरे मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांनी हौसेनं घेतलेली. चार वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथं राहायला गेलो. नवरा रांजणगावच्या कारखान्यात जातो, मी शिरूरला. गावात आमचं ख्रिस्ती घर एकच आणि भावकी औषधालाही नाही. पहिल्या वर्षी लागवडीला मजूर मिळेनात, कारण तरण्या बायका सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसतात आणि उरलेल्यांच्या टोळ्या महिनाभर आधीच ठरलेल्या असतात. म्हणून आम्ही दोघांनीच लावायला घेतलं. तीन दिवसांत चार वाफे झाले आणि नवऱ्याची कंबर धरली.

चौथ्या दिवशी बांधावरून एक म्हातारी चालली होती. सगळं गाव तिला आक्का म्हणतं. ती थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, लावताय का पुरताय?"

मला राग आला. मला राग फार लवकर येतो आणि कांद्याच्या वाफ्यात उकिडवं बसल्यावर तर त्याहून लवकर. पण तिनं वाकून माझं एक रोप उपटलं, अर्ध्याच खोलीवर पुन्हा लावलं, आणि पुढच्या वर्षी आमच्या सावडीत या, असं सांगून निघून गेली.

सावड म्हणजे साधी गोष्ट. मला धरून आठ बायका. आज सगळ्या मिळून हिच्या रानात, उद्या तिच्या. मजुरी नाही, लिहिणं नाही. ज्यांच्या रानात काम त्यांच्या घरचा चहा, भाकरी आपापली. मी सावडीत गेले तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की आठांतल्या कोणत्याही दोघींचं एकमेकींशी नातं नाही. आडनावंही आठ. मी आक्कांना विचारलं, तुमची तर गावात केवढी मोठी भावकी, त्यातली एकही कशी नाही? आक्का म्हणाल्या, भावकी म्हणजे बांधाला बांध, आणि बांधाला बांध म्हणजे तारीख पे तारीख. आठांपैकी पाचजणींचे नवरे सख्ख्या किंवा चुलत भावाशी कोर्टात भांडत होते. पुस्तकात लिहिलंय की प्राणी आधी नातेवाइकांना मदत करतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं केंदूरचे बांध पाहिले नसावेत.

माझा हात फार हळू होता. बाकीच्या एक वाफा संपवून पुढच्याला लागायच्या तेव्हा मी माझ्या पातीच्या मध्यावर. पात म्हणजे प्रत्येकीनं आपल्यापुढं धरलेला पट्टा. माझी पात वाकडी जायची, रोपं कुठं दाट, कुठं विरळ. माझ्या डाव्या हाताला बसायची ती आक्कांच्या शेजारच्या घरातली सून, पंचविशीची, तोंडानं फटकळ. ती रोज मला टोमणे मारायची आणि टोमणे मारता मारता उजव्या हातानं माझी अर्धी पात लावून टाकायची. दोन्ही गोष्टी ती इतक्या सहज करायची की आभार मानावेत की भांडावं हे मला कळायचं नाही. मी दोन्ही केलं नाही.

रविवारी आमची उपासना असते. हे सांगायचं कसं, या विचारात मी आठवडाभर होते. पण आक्कांनी पाळ्या लावताना रविवार आधीच सोडला होता. बाईंचं देऊळ असतं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. यावर कोणी कुरकुरलं नाही, उलट दोघीतिघींनी आपलीही धुणी त्या दिवशी निघतात म्हणून प्रभूचे आभार मानले.

त्याच हंगामात ओढ्याकडच्या वहिनींचा प्रकार घडला. या वहिनी दुसऱ्याच्या रानात आल्या की त्यांना सारखे फोन यायचे. फोन कानाला लावून त्या बांधावर जायच्या आणि पात तशीच राहायची. कोणी एक शब्द बोललं नाही. मग वहिनींच्या रानातली पाळी आली. नऊच्या सुमारास आक्कांनी पदराच्या गाठीतून फोन काढला, कानाला लावला आणि बांधावर जाऊन बसल्या. मग दुसरी, मग तिसरी. थोड्या वेळानं सगळी सावड बांधावर ओळीनं बसून फोनवर बोलत होती. आक्कांच्या फोनचा रिचार्ज संपलेला होता हे मला माहीत होतं, तरी त्या कोणाला तरी तब्येत विचारत होत्या. वहिनी एकट्याच वाफ्यात. दहा मिनिटांनी सगळ्या उठल्या आणि काम नेहमीसारखं सुरू झालं. वहिनींचे फोन त्या दिवसापासून बंद झाले, आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, जे मी तीन तासिका घालून शिकवते ते या बायकांनी दहा मिनिटांत करून दाखवलं. त्या आनंदात दुसऱ्या दिवशी मी वाफ्यात सगळ्यांना वटवाघळांची गोष्ट सांगितली. सगळ्यांना ओकारी आली. फक्त त्या सुनेनं विचारलं, कोणी भरवलं, कोणी नाही, याची ओळख कशी ठेवतात? मी म्हटलं, ठेवतात. ती म्हणाली, ठेवणारच.

हे सगळं पाहून, समजून, वर त्यावर व्याख्यान देऊन मी गेल्या वर्षी जी चूक केली ती कोणत्याही वटवाघळानं केली नसती.

मंगळवारी त्या सुनेच्या रानातली पाळी होती आणि नेमकी त्याच दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिकांची तपासणी लागली. रजा मिळेना. मी डोकं चालवलं. शिरूरच्या एका टेम्पोवाल्याकडून एका टोळीतल्या दोन बायका ठरवल्या आणि माझ्या जागी पाठवून दिल्या. एकीच्या बदल्यात दोन, त्याही सरसर हात चालणाऱ्या. संध्याकाळी मला इतकं बरं वाटत होतं की मी नवऱ्याला म्हटलं, आता त्या सुनेवरच उपकार राहिले.

गुरुवारी आमची पाळी होती. बुधवारी संध्याकाळी नवऱ्यानं सगळं रोप उपटलं, जुड्या बांधल्या, कडुलिंबाखाली ओल्या गोणपाटात झाकून ठेवल्या. उपटलेलं रोप दोन दिवस दम धरतं, फार तर तीन. त्यानंतर ते खतच. वाफे भिजवून तयार होते. गुरुवारी सकाळी आठला मी मोठं पातेलंभर चहा ठेवला.

साडेआठला एक टेम्पो आला आणि त्यातून दोन बायका उतरल्या. मी मंगळवारी पाठवलेल्याच दोघी.

मी विचारलं, तुम्हाला कोणी बोलावलं? त्यांनी त्या सुनेचं घर दाखवलं. मंगळवारी काम करता करता तिनं त्यांचा नंबर घेतला होता. माझी जिरवायला पदरचा रोज घालून तिनं त्याच दोघी मला परत पाठवल्या होत्या. आणि बाकीच्या सहाजणींपैकी एकही आली नाही. पातेल्यातला चहा तिघींत संपणार नव्हता आणि वीस गुंठे तर नव्हतेच.

मी तणतणत सुनेच्या दारात गेले. ती भांडी घासत होती. मी विचारलं, हे काय चालवलंय? एकीच्या जागी दोन पाठवल्या, यात चुकलं काय माझं?

तिनं मान वर केली नाही. "बाई, तुमचं ते वटवाघूळ स्वतःच्या तोंडानं भरवतं, का टोळीवालं वटवाघूळ धाडतं?"

 इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हा प्रश्न विचारला नव्हता.

तिथून मी आक्कांकडे गेले. त्या लसूण सोलत होत्या, मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, आक्का, माझा हात हळू आहे, पात मी बिघडवते. उलट त्या दोघींनी काम जास्तच केलं असेल.

"केलं की," आक्का म्हणाल्या. "आन् पाचच्या ठोक्याला टेम्पोत बसल्या. त्यांचं काय चुकलं न्हाई. पर बाई, आज तुमी धाडल्या, उद्या दुसरी कुनी धाडंल. मग ती सावड न्हाई, टोळीच की. तुमचा हात हळू हाय ते आमाला ठावं हाय. तुमी येताय म्हणून आमी येतो."

मला खरोखर लाज वाटली. रोपाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त ही की या सातजणींनी मला दोन वर्षं सांभाळून घेतलं ते माझ्या कामासाठी नव्हतं, आणि मला मात्र वाटत होतं की कामाचीच परतफेड चालली आहे. मी विचारलं, आता काय करू?

"रोप कवापर्यंत तग धरंल?"

"शनिवारपर्यंत."

"मग उद्या तिच्या रानात नांग्या भरा." नांग्या भरणं म्हणजे जिथं रोप लागलं नाही तिथं नवं लावणं. आक्का लसणाकडं बघत पुढं म्हणाल्या, "बोलू नका. नुसत्या भरा."

बोलू नका, हीच शिक्षा मोठी होती. टेम्पोतल्या त्या दोघी आमच्या रानात चार वाफे लावून पाचला गेल्या. शुक्रवारी मी कॉलेजात तब्येत बरी नाही असं कळवलं, जे संध्याकाळपर्यंत खरं झालं, आणि सात वाजता त्या सुनेच्या रानात जाऊन बसले. तीही आली. माझ्या चार हात मागं राहून माझ्या भरलेल्या नांग्या ती पुन्हा नीट करत होती. म्हणजे माझ्या येण्यानं तिचं काम वाढलंच. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. माझी भाकरी माझ्याजवळ होती, तरी मी तिची घेतली आणि एक शब्द बोलले नाही. तिकडं नवरा रजा टाकून दर तासाला गोणपाटावर पाणी शिंपडत होता आणि मला जुड्यांचे फोटो पाठवत होता. दुपारच्या फोटोत रोपांच्या पाती आडव्या झालेल्या दिसल्या.

शनिवारी पावणेआठला मी चहा ठेवला नाही, उगाच अपशकुन नको म्हणून. सव्वाआठला बांधावर आक्का दिसल्या, मागं ओढ्याकडच्या वहिनी, मग बाकीच्या. सून सगळ्यांत शेवटी आली, माझ्या डाव्या हाताला बसली, आणि पहिलंच वाक्य म्हणाली की बाईंची पात आजबी ओढ्यासारखी वाकडी चाललीय. मग तिचा उजवा हात माझ्या पातीत आला. मला रडू आलं. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी येतं, लावताना येत नाही, त्यामुळे सबबही नव्हती.  रोप थोडं मलूल होतं, पण दिवस मावळायच्या आत सगळे वाफे संपले.

जाताना आक्का म्हणाल्या, "सोमवारी माझ्या रानात. तुमीच या."

त्या गेल्यावर मी चिखलाच्या हातानंच फोन काढला आणि बांधावर बसून प्राचार्यांना सोमवारच्या रजेचा अर्ज लिहिला. कारणापुढं सवयीनं 'घरगुती काम' असं लिहून गेले. पाठवण्याआधी पुन्हा वाचलं, आणि तसंच राहू दिलं.