किती वेळ थांबलोय, ते इंग्रजीत सांग

आज नातीनं मैत्रिणीला मेसेज लिहिला, 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स.' मी तो 'आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स' असा करून दिला.

मंडळी, हे मला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी शिकवलं. साठच्या दशकात, लग्नानंतर, मी त्यांच्याबरोबर मॅट्रिकच्या परीक्षेला निघाले होते. जळकोटच्या थांब्यावर एसटी येईना. मला रडू फुटलं.

"किती वेळ थांबलोय, ते इंग्रजीत सांग बघू," मामंजी म्हणाले. मी नातीसारखीच चुकले.

"थांबणं मागंच सुरू झालं अन् अजून चालू हाय, म्हणून हॅव बीन," त्यांनी समजावलं. मग एक ट्रक हात करून थांबवला.

पेपर वेळेत गाठला, पुढं मी शिक्षिका झाले. सुनेला शिकवतात म्हणून गाव त्यांना हसायचं, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या घरात असं कोण होतं?