नांदीनंतरचे दोन सूर

सरोजिनीताई साळवे मूळच्या नगरच्या. वडील तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे, आणि त्यांच्या शेजारी बसून बसून पोरीलाही तेच वेड लागलं. लग्न होऊन कतारला, दोह्यात आल्या, तर आठवडाभर इंडियन शाळेत संगीत शिकवायचं आणि शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चच्या मराठी उपासनेत ऑर्गन वाजवायचा. हयात त्यातच गेली म्हणा ना! पण बाईंच्या मनात एक जुनी हौस दडून होती: नाटकाला चाली लावायच्या. देवाच्या पेटीवर बसणाऱ्या मुलीनं नाटकात काय करायचंय, असं वडील म्हणत. वडिलांपुढे कोण बोलणार?

योग आला तो फुटबॉल विश्वचषकाच्या तयारीत. शहर सगळं खणून ठेवलेलं, काल होता तो रस्ता आज नाही. आणि त्याच वर्षी मराठी मंडळाच्या गुरुप्रसादच्या डोक्यात संगीत नाटकाचं खूळ शिरलं. हा गॅस कंपनीतला इंजिनिअर. चाली लावून वाजवणारं दुसरं कुणी मिळेना, म्हणून त्यानं ताईंना गळ घातली. पण मनात धाकधूक. चर्चचा हात नाट्यपदाला शोभेल का? तसं त्यानं तोंडावर सांगूनही टाकलं. यंदा लोकांना रुचलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून पुण्याहून गाण्यांचे ट्रॅक रेकॉर्ड करून आणू. ताई हो म्हणाल्या, आणि पुढचे कित्येक आठवडे घरात चाली गुणगुणत भाज्या करपवत राहिल्या.

प्रयोगाला हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत दूतावासाचे पाहुणे, मागे ताईंची चर्चची मंडळी झाडून हजर. नांदी सुरू झाली. चाल सोपी, भरदार. नट मन लावून गात होते. शेवटची ओळ समेवर आली, आणि हाय रे कर्मा! ताईंच्या बोटांनी सवयीनं पुढे ‘आमेन’चे दोन सूर वाजवलेच. चर्चमध्ये गीत संपलं की ते वाजतात आणि सगळे आशीर्वादासाठी उभे राहतात. मागची मंडळीही सवयीनं उठली. खुर्च्यांचा आवाज ऐकून पुढच्यांनी वळून पाहिलं, त्यांना वाटलं राष्ट्रगीत आहे. तेही उठले, पाहुणेही उठले. अख्खा हॉल ताठ उभा, आणि पेटी गप्प.

ताईंना वाटलं, झालं, संपली हौस. पण नुसतं बसून कसं चालेल? शाळेत रोज सकाळी वाजवायच्या तेच त्यांना सुचलं. आधी कतारचं राष्ट्रगीत वाजवलं, मग भारताचं. लोक खाली बसले आणि पडदा वर गेला, जणू असंच ठरलं होतं.

पहिला अंक संपला तसा गुरुप्रसाद पेटीपाशी आला. ताई बोलणी खायच्या तयारीतच होत्या. हा मात्र घाम पुसत सांगू लागला की राष्ट्रगीताचं तो साफ विसरला होता; पाहुण्यांसमोर मंडळाची नाचक्की व्हायची, ती ताईंनी वाचवली.

श्रेय आयतं चालून आलं होतं, पण ताईंना खोटं पचेना. “मी काही वाचवलं नाही. चर्चची सवय, हात चुकले माझे.”

“ते कळलं हो मला,” तो हसला. “पण त्याआधीची नांदी? तीही चुकून झाली का? विंगेत अंगावर काटा आला माझ्या. पुण्याला नको म्हणून कळवतोय. पुढच्या वर्षीच्या चालीही तुमच्याच.”

ताईंना इतकं हायसं वाटलं, की त्या पेटीवर डोकं टेकून रडल्या. गुरुप्रसादनं त्यांना थोडं रडू दिलं. मग हळूच म्हणाला, “यल्ला ताई, चला, दुसरा अंक.”