खिळे मोजणारी सुप्रभा

कावासाकीच्या मराठी मंडळात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं, की सुप्रभा नगरकर म्हणायची, "क्वालिटी कंट्रोल." उत्तर खोटं नव्हतं, आणि त्यावर सहसा पुढचा प्रश्न येत नसे. नवरा नीलकंठ मात्र चारचौघांत फटकन सांगून मोकळा व्हायचा, "आमची ही जुगाराच्या अड्ड्यांवर धाडी घालते!" मग मंडळातल्या बायका तिच्याकडे नव्यानं बघायच्या. बातमी यथावकाश पुण्याला सासूबाईंपर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "पण पगार वेळेवर देतात ना?"

धाडी वगैरे काही नव्हतं. होते ते खिळे.

मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी, २०१२ साली, सुप्रभा नवऱ्याच्या नोकरीपायी जपानला आली. संख्याशास्त्रातली एम.एस्सी. बॅगेच्या तळाशी राहिली आणि ती कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, भात-गोळे लावू लागली. समोरच पाचिंकोचं दालन होतं. दार सरकलं की आतून असा आवाज यायचा, जणू पत्र्यावर कुणी हरभरे ओततंय. सुप्रभाला जन्मजात खोड. झाकण दिसलं की उघडून बघायचं. लहानपणी तिनं आजोबांचं घड्याळ असंच कायमचं बंद पाडलं होतं. रोज समोर हे झाकण, आणि आत जायची हिंमत नाही. शेवटी तीन वर्षं जपानी घोटून ती गेली ती थेट अशी दालनं तपासणाऱ्या संस्थेची तपासनीस होऊनच.

पाचिंको म्हणजे उभं, काचेचं मशीन. आत शेकडो पितळी खिळे. खेळणारा पोलादी छर्रे विकत घेतो, ते खिळ्यांवर ठेचकाळत खाली येतात, आणि नेमक्या कप्प्यात पडले तर आणखी छर्रे मिळतात. छर्र्यांच्या बदल्यात दालनातून एक वस्तू मिळते, आणि ती वस्तू कोपऱ्यावरच्या खिडकीत सरकवली की पैसे. कायद्यानं हा जुगार नाही, करमणूक आहे. हे पहिल्यांदा ऐकून सुप्रभा मोठ्यानं हसली. तिचे वरिष्ठ मोरिता-सान हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच आपण लागतो."

मशीन मंजूर होताना खिळे जसे असतात, तसेच ते दालनात राहिले पाहिजेत. हातोडीच्या एका टिचकीनं कप्प्याकडची वाट अरुंद होते आणि गिऱ्हाईक भरडलं जातं. म्हणून तपासनिसांनी न कळवता, जोडीनं जायचं, काच उघडायची आणि मापाची पट्टी खिळ्यांमध्ये घालून बघायची. अहवाल पोलिसांकडे जातो, कारण परवाना त्यांच्या हातात. आणि सगळ्यात वरचा नियम असा, की दालनातून काहीही घ्यायचं नाही. चहा नाही, पाणी नाही, पावसात छत्रीसुद्धा नाही. घेतलंच, तर ती तपासणी रद्द, महिन्याभरानं दुसरी जोडी जाणार, आणि घेणाऱ्याच्या नावापुढे नोंद.

२०१७च्या फेब्रुवारीत सुप्रभाच्या नावापुढे काहीच नको होतं. वर्षावर्षाच्या करारानं चाललेली तिची नोकरी एप्रिलमध्ये कायम व्हायची होती. त्या ऑफिसात कायम होणारी ती पहिलीच परदेशी.

त्या दुपारी ती आणि मोरिता-सान ओकुदा-सान नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या दालनात गेले. नवऱ्यामागे बाई एकट्याच ते चालवत होत्या. दालन छोटं, चाळीस मशिनं, सिगारेटचा धूर छतापर्यंत. सुप्रभानं खिडकीकडच्या पहिल्या मशीनमध्ये पट्टी घातली आणि ती चक्रावलीच. खिळे वाकवलेले होते, पण उलटे! वाट अरुंद करण्याऐवजी रुंद केलेली. शेजारच्या मशीनमध्ये तेच. ओळीनं पाच मशिनांत तेच. स्वतःच्याच दुकानाला चोर लावणारा दुकानदार तिनं आजवर पाहिला नव्हता. का केलं असेल? नियमाला 'का'शी कर्तव्य नव्हतं. वाकवला म्हणजे वाकवला, परवाना जाऊ शकतो. सुप्रभाला मात्र 'का'शिवाय घास उतरत नसे.

धुरानं तिला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती खोकली. डोळे पुसते तर समोर ओकुदा-सानचा सुरकुतलेला तळहात, आणि त्यावर कागदात गुंडाळलेली गोळी. म्हाताऱ्या बाईनं पुढं केलेली वस्तू नाकारायची नाही, हे सुप्रभाच्या हाताला संक्रांतीच्या हळदीकुंकवांनी नियमांच्या कितीतरी आधी शिकवलं होतं. हात आपोआप पुढं झाला, मान लवली, गोळी कोटाच्या खिशात गेली. मोरिता-सान तेव्हा दुसऱ्या ओळीत मशीनच्या मागं वाकले होते.

स्टेशनवर पास काढायला खिशात हात घातला, तर बोटांना आधी गोळी लागली. नियम तिला तेव्हा आठवला.

"एक गोळी गं!" जेवताना नीलकंठ म्हणाला. "कुणी पाहिलं नाही ना? मग विसर. दीड महिन्यावर आलंय तुझं पर्मनंट."

"आणि तिनं मुद्दाम दिली असेल तर? मी सांगितलं की तपासणी रद्द. तिला खिळे सरळ करायला अख्खा महिना. डोकं लागतं त्याला!"

"मग तर सांगूच नकोस."

आठ वर्षांची अबोली वरणभातातून मान वर काढून जपानीत म्हणाली, "चुकून दुसऱ्याचं खोडरबर आलं तरी वर्गातल्या सेन्सेईंना सांगायचं असतं." आणि पुन्हा वरणात बुडाली. सुप्रभाला राग आला तो मुलीचं बरोबर असल्याचा.

सकाळी तिनं गोळी मोरिता-सानच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाकिटात घातली, वर तारीख लिहिली, शिक्का मारला. "आता खिळे सरळ होतील," ते म्हणाले. रागावले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. एप्रिलमध्ये कायमच्या नोकरीचं पत्र आलं नाही. आणखी एक वर्ष करार.

पण त्याआधी, मार्चमध्ये, दुसरी जोडी जाऊन आली होती. महिनाभर सुप्रभाच्या डोक्यात एकच भुंगा: बाई भोळी की बेरकी? तिनं आल्याआल्याच त्यांना गाठलं. खिळे जसेच्या तसे होते. पाच मशिनं, पाचही रुंद. एकही टिचकी बदललेली नव्हती.

महिनाभर जिच्यावर संशय घेतला, तिनं गोळी दिली होती ती निव्वळ गोळीच होती. सुप्रभा शरमेनं कानापर्यंत तापली.

ओकुदा-साननी सुनावणीची वाट न बघता परवाना परत केला आणि दालन बंद केलं. प्रकरण मिटलं, तशी नियमानुसार ती गोळी देणाऱ्याला परत करून पोचपावती घ्यायची होती. सुप्रभा म्हणाली, मी जाते.

मशिनं नेलेली होती. रिकाम्या दालनात ओकुदा-सान फरशी पुसत होत्या. इतकी शांतता, की फडक्याचा आवाज ऐकू यावा.

"ती पाच मशिनं," सुप्रभानं विचारलंच. "खिळे उलटे का वाकवले होते?"

"मागच्या सरकारी घरांत ईशान्य किनाऱ्यावरची माणसं राहतात. भूकंपात सगळं गेलेली, म्हातारी. दहाला येऊन खिडकीशी बसायची. बाराला छर्रे संपायचे. मग जायचं कुठं त्यांनी? नवऱ्याची हातोडी घरात होतीच."

कलालानं दया येऊन पेला काठोकाठ भरावा, त्याला पुण्य म्हणायचं की पाप? त्या माणसांना बसायला जागा मिळाली हे खरं, आणि जागा मिळाली ती पाचिंकोपुढं, हेही खरं. तिच्या पट्टीनं हे मोजता येत नव्हतं.

"पण तुम्हाला महिना मिळाला होता. सरळ का नाही केले?"

"कुठला महिना?"

मग सुप्रभानं सगळं सांगितलं. नियम, रद्द झालेली तपासणी, पाकीट. ओकुदा-सान ऐकता ऐकता खुर्चीवर बसल्या. "माझ्यामुळं तुमचं नुकसान झालं," त्या पुन्हा पुन्हा वाकून म्हणू लागल्या. ज्या बाईचं दालन गेलं, ती माफी मागत होती. सुप्रभाला रडू आवरेना.

तिनं पोचपावती पुढं केली. ओकुदा-साननी नावाचा शिक्का उमटवला, पाकीट फोडलं आणि गोळी तळहातावर घेतली.

"खोकला गेला का?"

"अजून येतो अधूनमधून."

ओकुदा-साननी भिंतीकडे पाहिलं. परवान्याची चौकट होती तिथं फिकट चौकोन उरला होता. मग त्यांनी तोच तळहात पुढं केला.

"आता माझ्याकडे परवाना नाही. आता घेता येईल ना?"

सुप्रभानं वाकून दोन्ही हातांनी गोळी घेतली आणि तिथंच तोंडात टाकली. आल्याची होती, चांगलीच तिखट.